अंगदुखीची गोळी: कोणती घ्यायची, किती घ्यायची आणि कधी थांबायचं? कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कामगारांसाठी सविस्तर माहिती

कागल : शिफ्ट सुटली की कागल पंचतारांकित एमआयडीसीतून कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, पट्टणकोडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दुचाक्यांची रांग लागते. वाटेतल्या मेडिकलसमोर दोन-चार गाड्या थांबतात. "अंग लई दुखतंय, कायतरी द्या की," एवढंच सांगितलं जातं. काउंटरवरून दोन गोळ्या येतात, एक जागेवरच पाण्याबरोबर जाते, दुसरी खिशात. उद्या परत तेच.

फौंड्रीत मोल्डिंग, फेटलिंग, नॉकआउट करणारे, मशीन शॉपमध्ये आठ ते बारा तास उभे राहणारे, गारमेंट युनिटमध्ये मान वाकवून बसणाऱ्या महिला, आणि कंपनीतून घरी गेल्यावर पुन्हा जनावरांच्या धारा आणि उसाला पाणी बघणारे शेतकरी कामगार, यांचं अंग दुखणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि गोळी घेणं हा गुन्हाही नाही. पण कुठली गोळी, किती आणि किती दिवस, हे माहीत नसेल तर दुखणं कमी करायला घेतलेली गोळी पोट, मूत्रपिंड म्हणजे किडनी, यकृत नाहीतर हृदय यांपैकी एकाला धक्का देऊन जाते. म्हणून ही माहिती जपून ठेवा आणि घरातल्यांनाही पाठवा.

आधी एक जुनी गोष्ट, कारखान्याच्या गावाची

स्वीडन देशात हुस्क्वार्ना नावाचं एक कारखान्याचं गाव आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तिथल्या कारखान्याच्या डॉक्टरांनी ताप आणि अंगदुखीसाठी एक पुडी दिली. त्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन ही औषधं होती. साथ गेली, पण पुडी राहिली. पुडी घेतली की तरतरी येते, काम उरकतं, असं कामगारांना वाटायला लागलं. चहासारखी रोज पुडी घ्यायची सवय पडली. पुढच्या काही दशकांत त्या गावात किडनी निकामी होऊन मरणाऱ्यांचं प्रमाण शेजारच्या गावांपेक्षा जास्त दिसू लागलं. अभ्यास झाल्यावर कारण सापडलं ते म्हणजे फेनासेटिन. १९६१ मध्ये स्वीडनने ते चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. भारतातही फेनासेटिनवर बंदी आहे.

आज आपल्याकडे फेनासेटिन मिळत नाही. पण गोष्ट तीच आहे: कष्टाचं काम, स्वस्त गोळी, रोजची सवय आणि शेजाऱ्याचं बघून आपणही घेणं. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. किडनी दुखत नाही, ओरडत नाही. कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांचे दोन गट

नावं शंभर असली तरी साध्या दुखण्याच्या गोळ्या मुळात दोन गटांत बसतात.

पहिला गट: पॅरासिटामॉल. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल ही याचीच नावं. ताप उतरवते, दुखणं कमी करते, पण सूज कमी करत नाही. पोटाला सौम्य. नेमक्या मात्रेत घेतली तर किडनीलाही तुलनेने सुरक्षित. धोका यकृताला, तोही मात्रा ओलांडली किंवा दारूची सवय असली तर.

दुसरा गट: सूज उतरवणाऱ्या गोळ्या. आयब्युप्रोफेन (ब्रुफेन), डायक्लोफिनॅक (व्होव्हेरान), अ‍ॅसिक्लोफिनॅक (झेरोडॉल), नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड (मेफ्टाल), निमेसुलाइड (नाइस) आणि अ‍ॅस्पिरिन (डिस्प्रिन) या सगळ्या याच गटातल्या. सूज आणि दुखणं दोन्हींवर जोरात काम करतात. म्हणूनच त्यांना जपून हाताळायला लागतं. पोट, किडनी, रक्तदाब आणि हृदय या चार ठिकाणी यांचा त्रास होऊ शकतो.

बाकीच्या बऱ्याच गोळ्या म्हणजे या दोन गटांचं मिश्रण. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. झेरोडॉल-पी मधला 'पी' म्हणजे पॅरासिटामॉल. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन आणि कॅफिन असतं. म्हणजे पाकिटावरचं मोठं नाव वेगळं असलं तरी आतला माल तोच असू शकतो. म्हणून मोठं नाव बघू नका, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून झूम करा.

कुठली गोळी जास्त लागू पडते?

दाढ काढल्यावर किंवा छोट्या शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या दुखण्यावर जगभर पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत. कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये त्या सगळ्यांचा आढावा काढला. औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना केल्यावर चित्र असं दिसलं:

- पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम: दर १० जणांपैकी साधारण ३ जणांना जादा चांगला आराम.
- आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम: दर १० पैकी ४ जणांना.
- आयब्युप्रोफेन २०० आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र: दर १० पैकी ६ जणांना.
- अ‍ॅस्पिरिन ६०० मिलिग्रॅम: दर १० पैकी २ ते ३ जणांना.

यातून दोन गोष्टी समजतात. एक, लहान मात्रेतली दोन वेगळी औषधं एकत्र घेतली तर एकाच औषधाच्या मोठ्या मात्रेपेक्षा चांगलं काम होऊ शकतं. दोन, कुठलीच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तुम्हाला येईलच असं नाही.

पण हे झालं दातदुखीसारख्या ताज्या दुखण्याचं. कंबरदुखीचं गणित वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात १६०० पेक्षा जास्त रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ताज्या कंबरदुखीत पॅरासिटामॉल घेणारे आणि खोटी गोळी घेणारे, दोघेही जवळपास सारख्याच दिवसांत, म्हणजे साधारण १६-१७ दिवसांत बरे झाले. अर्थ असा की वजन उचलताना भरलेली कंबर बहुतेक वेळा हळूहळू चालत-फिरत राहिल्याने, शेकाने आणि काही दिवस जड उचलणं टाळल्याने आपोआप सुटते. त्यावर महिनाभर रोज गोळी घेण्यात शहाणपण नाही.

मात्रा: हे आकडे पाठ करा

खालचे आकडे मोठ्या, बाकी तब्येत चांगली असलेल्या माणसासाठी आहेत.

- पॅरासिटामॉल: एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर. २४ तासांत जास्तीत जास्त ४००० मिलिग्रॅम. वजन ५० किलोपेक्षा कमी, रोजची दारू किंवा यकृताचा आजार असेल तर कमाल मात्रा याहून कमी, ती डॉक्टरांना विचारूनच.
- आयब्युप्रोफेन: एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर. दोन मात्रांत ६ ते ८ तासांचं अंतर. डॉक्टरांना न विचारता २४ तासांत १२०० मिलिग्रॅमच्या पुढे नाही.
- डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड: ही चिठ्ठीची औषधं आहेत. पाकिटावर 'आरएक्स' ही खूण असते. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून ती मागू नका.

हिशेब कुठे चुकतो ते बघा. समजा एखाद्याला ताप, सर्दी आणि अंगदुखी एकदम आली. त्याने तापासाठी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल दिवसातून तीनदा घेतली, म्हणजे १९५०. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लाम तीनदा, त्यातलं पॅरासिटामॉल ९७५. सर्दीची गोळी तीनदा, त्यात प्रत्येकी ५०० धरलं तर १५००. एकूण झालं ४४२५ मिलिग्रॅम. माणसाला वाटतं तीन वेगळी औषधं घेतली, पण यकृताच्या दृष्टीने एकच औषध कमाल मर्यादेच्या पुढे गेलं.

पॅरासिटामॉल चुकून किंवा मुद्दाम जास्त गेली तर पहिला दिवस माणूस ठीक दिसतो. यकृतावरचा परिणाम नंतर दिसायला लागतो. यावर उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा, आणि तो पहिल्या ८ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून "काय होत नाही, बरा दिसतोय" म्हणून थांबू नका. रिकामं पाकीट बरोबर घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी हे नक्की वाचा

कोल्हापूर जिल्हा फौंड्रीसाठी देशभर ओळखला जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित या तिन्ही वसाहतींत ओतकाम चालतं. वितळलेल्या लोखंडाचं तापमान १४०० अंशांच्या आसपास असतं. त्याच्या जवळ काम करणाऱ्याच्या अंगातून शिफ्टमध्ये घामावाटे लिटरच्या लिटर पाणी जातं.

शरीरात पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. अशा वेळी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाच्या मदतीने किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या नेमकं तेच रसायन कमी करतात. दुखणं त्यामुळेच थांबतं, पण किडनीचा आधारही त्यामुळेच जातो. म्हणजे पाणी न पिता, घामाने निथळत असताना दुसऱ्या गटातली गोळी घेणं म्हणजे किडनीवर दोन्ही बाजूंनी दाब.

मध्य अमेरिकेत उसाच्या फडात काम करणाऱ्या तरुण मजुरांमध्ये किडनीचा आजार मोठ्या प्रमाणात दिसला आहे. ना साखर, ना रक्तदाब, तरी किडनी खराब. त्यामागे उन्हातलं कष्टाचं काम आणि शरीरातलं पाणी कमी होणं ही मुख्य कारणं मानली जातात आणि दुखण्याच्या गोळ्यांनी त्यात भर पडते का, याचाही अभ्यास होतो आहे. भट्टी असो नाहीतर एप्रिल-मे मधला उसाचा फड, आपल्याकडची परिस्थिती फार वेगळी नाही.

म्हणून भट्टीवरच्या, उन्हातल्या कामगारांसाठी साधा नियम:

१. शिफ्टच्या मध्ये गोळी घ्यायचीच झाली तर आधी पॅरासिटामॉल.
२. आयब्युप्रोफेन घ्यायचीच असेल तर शिफ्ट संपल्यावर, पोटभर जेवून, भरपूर पाणी पिऊन.
३. उलट्या, जुलाब किंवा लघवी गडद पिवळी आणि कमी होत असेल त्या दिवशी दुसऱ्या गटातली कुठलीच गोळी नको.
४. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी पीत राहा. घाम खूप असेल तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात. रक्तदाब असलेल्यांनी ओआरएसबद्दल डॉक्टरांना विचारा.

रक्तदाब, साखर, हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर

चाळिशीनंतरच्या बऱ्याच कामगारांना टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, अ‍ॅम्लोडिपिन अशा गोळ्या चालू असतात. दुसऱ्या गटातल्या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि या औषधांचा जोर कमी करतात. त्यात टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलबरोबर लघवीची गोळीही चालू असेल, आणि वरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली, तर तिघांचा मारा एकदम किडनीवर पडतो. डॉक्टर या जोडीला फार घाबरतात. बऱ्याच रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवीचं औषध आतच मिसळलेलं असतं. नावाच्या शेवटी 'एच' असेल तर त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीचं औषध असतं.

हृदयाच्या बाबतीतही तसंच. २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात शेकडो चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. मोठ्या मात्रेत रोज डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना साधारण एक तृतीयांशाने वाढलेल्या दिसल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये इशारा कडक केला की हा धोका गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतही दिसू शकतो. त्याआधी २००४ मध्ये रोफेकोक्सिब ही खूप खपाची गोळी हृदयाच्या धोक्यामुळेच जगभरातून मागे घेतली गेली. भारतातही तिच्यावर बंदी आली.

हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. पण तिच्याबरोबर आयब्युप्रोफेन घेतली तर अ‍ॅस्पिरिनचं काम अडू शकतं. डॉक्टरांना सांगूनच घ्या. रक्त पातळ करणारी इतर औषधं चालू असतील तर दुसऱ्या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो.

मग पॅरासिटामॉल रोज चालेल का? नाही. ती दुसऱ्या गटापेक्षा सुरक्षित आहे, निर्धोक नाही. स्कॉटलंडमध्ये रक्तदाबाच्या ११० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत दोन आठवडे रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दिल्यावर वरचा रक्तदाब सरासरी पाच अंकांनी वाढला. २०२२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कधीतरी डोकं दुखलं म्हणून घेतलेल्या गोळीचा हा प्रश्न नाही, रोजच्या सवयीचा आहे.

"गॅसची गोळी बरोबर घेतो, मग काय होतंय?"

हा समज गावोगाव आहे. पॅन्टोप्राझोलसारखी गॅसची गोळी पोटातल्या अल्सरपासून बराच बचाव करते, हे खरं. पण ती किडनीला वाचवत नाही, हृदयाला वाचवत नाही. पोटात जळजळ नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. आणि जळजळ न होताही अल्सर फुटून रक्त जाऊ शकतं. डांबरासारखी काळी चिकट संडास झाली किंवा उलटीत रक्त अथवा कॉफीसारखा रंग दिसला तर गोळी लगेच बंद आणि थेट दवाखाना.

मलम लावलं तर?

मुरगळणं, गुडघा, मनगट अशा एका जागेच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं जेल हा चांगला पर्याय आहे. लावलेल्या जेलमधलं औषध रक्तात फार थोडं जातं, गोळीच्या मानाने काही टक्केच. त्यामुळे पोट आणि किडनीवरचा भार खूप कमी होतो. मात्र जखमेवर, फाटलेल्या कातडीवर लावू नका. लावल्यावर घट्ट पट्टी बांधून शेकू नका, भट्टीच्या झळेत जाऊ नका. हात धुवा. कंबर आणि मणक्यासारख्या खोल दुखण्यावर जेलचा उपयोग कमी होतो.

मुरगळलं तर पहिले दोन दिवस थंड शेक, विश्रांती, क्रेप पट्टी आणि पाय उंचावर. गरम शेक नंतर, किंवा जुन्या आखडलेल्या दुखण्याला.

मशीनवर, क्रेनवर, गाडीवर असणाऱ्यांसाठी

काही अंगदुखीच्या गोळ्यांत क्लोरझोक्साझोनसारखं स्नायू सैल करणारं औषध मिसळलेलं असतं. त्याने गुंगी येते. ट्रामाडॉल असलेल्या गोळीनेही गुंगी येते आणि तिची सवय लागते. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. प्रेस, लेथ, क्रेन चालवणाऱ्यांनी आणि रात्रपाळी करून हायवेवरून दुचाकीने घरी जाणाऱ्यांनी या गोळ्या घेऊन काम करू नये, गाडी चालवू नये. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनाही हे लागू आहे.

डोकेदुखी गोळीमुळेच तर नाही ना?

रोज डोकं दुखतं म्हणून रोज गोळी घेणाऱ्यांमध्ये एक वेगळाच प्रकार होतो. गोळीचा अंमल उतरला की डोकं पुन्हा चढतं, मग पुन्हा गोळी. साधी गोळी महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त, अथवा कॅफिनसारखं मिश्रण असलेली गोळी महिन्यातून १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल तर डोकेदुखीचं कारण गोळीच असू शकतं. अशांनी मेडिकल बदलून उपयोग नाही, डॉक्टरकडे जाऊन गोळी हळूहळू सोडवायला लागते. डोळ्यांचा नंबर, रक्तदाब, झोप आणि पाणी हेही तपासून घ्या. वेल्डिंग करणाऱ्यांनी चष्म्याची काच, धूर आणि हवा खेळती आहे का तेही बघा.

ताप असेल तर सावध

पावसाळ्यात आणि नंतर आपल्या भागात डेंग्यू, चिकुनगुन्या डोकं वर काढतात. दोन्हींत अंग भयंकर दुखतं. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, रक्तस्रावाचा धोका असतो. अशा वेळी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घेणं जीवावर बेतू शकतं. तापाबरोबर अंगदुखी असेल तर रक्त तपासून डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

घरातल्यांसाठी

- लहान मुलं: पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही तर वजनावर ठरते, एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, कुणात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम तर कुणात २५०. जुन्या बाटलीचा अंदाज नव्या बाटलीला लावू नका. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे.
- गरोदर बाई: पाचव्या महिन्यापासून पुढे दुसऱ्या गटातल्या गोळ्या बाळाच्या किडनीला आणि हृदयाला धोक्याच्या ठरू शकतात. गरोदरपणात कुठलीही गोळी डॉक्टर किंवा आरोग्यसेविकेला विचारूनच.
- पाळीत पोट दुखणं: आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड दोन-तीन दिवस जेवणानंतर घेणं बहुतेकींना चालतं. मात्र मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे क्वचित अंगावर पुरळ, ताप, सूज अशी गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला. पुरळ दिसली की गोळी बंद.
- साठीच्या पुढचे: पोट आणि किडनी दोन्ही नाजूक झालेली असतात. गुडघेदुखीसाठी आधी जेल, पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम.
- दमा असलेले: अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने काहींचा दमा उसळतो. आधी कधी असं झालं असेल तर पूर्ण टाळा.

पुडी, 'जडीबुटी' आणि जनावरांचं औषध

आठवडी बाजारात, जत्रेत, कधी घरपोच "सांध्याची पुडी" मिळते. पाकिटावर ना नाव, ना तारीख. एका दिवसात गुडघा हलका होतो. अशा पुड्यांत लपवून स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वारंवार उघड झाले आहेत. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. आयुर्वेदिक आहे म्हणून धोका नाही, असं नव्हे. लेबल नसलेलं काहीही घेऊ नका. बरेच दिवस घेत असाल तर अचानक बंद न करता डॉक्टरांना पुडी दाखवा.

गोठ्यातलं औषधही माणसाने घेऊ नये आणि माणसाचं जनावराला देऊ नये. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन देशातली गिधाडं किडनी निकामी होऊन लाखोंनी मेली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही. गिधाडाची किडनी माणसापेक्षा कितीतरी नाजूक, त्यामुळे ही तुलना जशीच्या तशी माणसाला लागू नाही. पण औषध कुठे जाऊन काय करेल, याचा हा धडा आहे.

किराणा दुकानातली गोळी कायदेशीर आहे का?

औषध नियमांनुसार एक हजारापर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामक बाम अशी मोजकी घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायला सूट आहे. डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड त्यात बसत नाही. मोठ्या गावात तर औषध परवान्याच्या मेडिकलमधूनच घ्यावं. कापून दिलेल्या पट्टीवर तारीख आणि नाव राहिलं आहे का ते बघा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं मूळ नावाने आणि कमी किमतीत मिळतात. नाव साधं असलं तरी काम तेच करतात.

गोळी न घेता थेट दवाखाना कधी?

- छातीत दाब, डावा खांदा, हात किंवा जबडा दुखणं, घाम सुटणं. याला गॅस किंवा स्नायूचं दुखणं समजून गोळी घेत बसू नका. लगेच १०८.
- कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या किंवा बळ जाणं, लघवी अडणं किंवा सुटणं.
- अचानक आलेली, आयुष्यातली सर्वात जोराची डोकेदुखी. किंवा मान आखडून ताप.
- पायावर, तोंडावर सूज, लघवी कमी किंवा फेसाळ.
- डोळे पिवळे होणं, गोळीनंतर अंगावर पुरळ, श्वास लागणं.
- तीन दिवस योग्य मात्रेत गोळी घेऊनही ताप किंवा दुखणं न उतरणं.

तपासणी कुठे करायची?

दुसऱ्या गटातली गोळी आठवड्यातून दोन-तीनपेक्षा जास्त दिवस, असं महिनोन्‌महिने घेत असाल तर वर्षातून किमान एकदा रक्तदाब, साखर, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, कागलचं ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापूरचं सीपीआर इथे जाता येतं. ज्यांचा ईएसआयसी कापला जातो त्यांना स्वतःला आणि कुटुंबालाही तिथले उपचार मिळतात. ठेकेदाराकडे असलेल्या कामगारांनाही नियमानुसार हे संरक्षण लागू असतं. पगारपत्रकावर कपात दिसते का बघा आणि आपला ईएसआयसी नंबर मोबाइलमध्ये ठेवा. कुठल्याही औषधाने त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं.

आणि एक गोष्ट सुपरवायझरलाही सांगा. दररोज तेच दुखत असेल तर दुखण्याचं कारण कामाच्या जागी आहे. टेबलाची उंची, उचलायचं वजन, उभं राहायची जागा, भट्टीजवळ पिण्याचं पाणी, मधली विश्रांती, या गोष्टी सुधारल्या तर जे काम गोळीने होत नाही ते होतं.

मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा

१. आधी पॅरासिटामॉल, मात्रा मोजून.
२. एका जागेचं दुखणं असेल तर जेल.
३. आयब्युप्रोफेन कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, जेवणानंतर आणि पाणी पिऊन.
४. एका वेळी दुसऱ्या गटातली एकच गोळी. दोन कधीच नाही.
५. ताप असेल तर फक्त पॅरासिटामॉल.
६. रक्तदाब, किडनी, हृदय, अल्सर, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टर.
७. तीन दिवसांत उतार नाही तर मेडिकल नाही, दवाखाना.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येकाची तब्येत आणि चालू औषधं वेगळी असतात. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची पाकिटं दाखवूनच निर्णय घ्या.)